ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: आधी भरती-ओहोटी बघा

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत सुटणारी ही फेरी हिवाळ्यापासून मेपर्यंत नक्की करावी. बोटीची वेळ भरतीवर ठरते, कारण ओहोटीला ती गाळात रुतते. भरतीत चिखल बुडाला की रोहित (फ्लेमिंगो) काठाकडे सरकतात आणि जवळून दिसतात. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते.

निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे मात्र ओहोटीलाच बाहेर येतात. त्यांच्यासाठी केंद्रातली लाकडी पायवाट वेगळ्या वेळी चाला. तिवराचं (खारफुटीच्या झाडाचं) पान निरखून बघाच, त्यावर मिठाचे कण चमकतात. चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांवर पाय नको, झाडाची मुळं त्यांतूनच हवा घेतात. बोटचालकाला पक्षी उडवायला सांगू नका, त्यांचं खाणं तुटतं.