पहिलं घर: एकरकमी अनुदान की व्याजात सवलत?

पहिल्या घरासाठी एकरकमी अनुदान घ्यावं की कर्जाच्या व्याजात सवलत, यात धाकट्या भावाचा घोळ चाललाय, म्हणून लिहितोय. योजनांच्या जाहिरातीतला ‘एकूण फायदा’ बाजूला ठेवा.

सुरुवातीची रक्कम: इथे अनुदान सरळ पुढे. बँक घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. उरलेला वाटा खिशातूनच भरावा लागतो. पण पैसे खरेदीच्या वेळी हातात पडतात की नंतर, हे आधी विचारा. नंतर मिळणारं अनुदान डाउन पेमेंटला काय कामाचं? शिवाय सगळ्यांनाच अनुदान मिळू लागलं की विक्रेतेही भाव चढवू शकतात.

हप्ता: इथे व्याज सवलत. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. सवलत ठरावीक मुदतीपुरती असेल तर मात्र ती संपली की हप्ता वाढतो.

घर लवकर विकणं: अनेक योजनांत अनुदान परत करावं लागतं.

बचत कमी, पगार बरा असेल तर अनुदान. बचत आहे पण दरमहा ओढाताण होत असेल तर सवलत.