५५ एचपी ट्रॅक्टरचा मीटर: दिवे चोख, पण बझर सगळ्यांना एकच

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून मी मानवत तालुक्यात घरची शेती बघतो आणि ट्रॅक्टर भाड्यानं चालवतो. जुना ३५ एचपीचा आहेच, त्याच्या जोडीला ५५ एचपीचा सीआरडीआय (कॉमन रेलचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमानं डिझेल सोडणारा) घेतला. खरीप, रबी आणि उन्हाळी नांगरट असं एक वर्ष त्यावर काढलं. ताकद, डिझेल, हायड्रॉलिक यावर सगळेच लिहितात. मी लिहितोय ते मीटरवर आणि बझरवर. ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस टायर बघतो, लिफ्ट उचलून बघतो, मीटरकडं कुणी बघत नाही. आणि मी पाहिलेली बसलेली इंजिनं बहुतेक मीटरवरचा दिवा वेळेवर न पाहिल्यानं बसलेली होती. कंपनीचं नाव देत नाही. तुम्ही कुठलाही घ्या, हेच तपासा.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले आणि या गटात जुन्या मेकॅनिकल पंपाच्या जागी कॉमन रेल आली. जुन्या गाडीत चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहायचं, स्टॉपची दांडी ओढावी लागायची. आता इंजिन कॉम्प्युटरच्या हातात आहे. त्याला काही खटकलं तर तो दिवा लावतो, आणि फार खटकलं तर रेसच कमी करतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी ओढत नाही, म्हणून तो गिअर उतरवून आणखी रेटतो. पिवळा इंजिनचा दिवा लागून ओढ कमी झाली तर रेटू नका. काय बिघडलंय ते स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं यंत्र) लावल्याशिवाय कळत नाही आणि स्कॅनर गावातल्या मिस्त्रीकडं नसतो.

दिव्यांची मांडणी मला आवडली. लाल म्हणजे आत्ता थांब, पिवळा म्हणजे हातातलं तास (रानातली चालू ओळ) उरकून बघ, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. चावी टाकली की सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन चालू झालं की ऑइलचा आणि बॅटरीचा विझतो. हे दोन सेकंद रोज सकाळी डोळे उघडे ठेवून बघायचे. ऑइलचा दिवा चावी टाकल्यावर लागलाच नाही, तर तो बिघाड आहे. दिवा गेलाय नाहीतर स्विचची वायर तुटलीय (आमच्याकडं उंदीर तोडतात), आणि मग ऑइलचं प्रेशर पडलं तरी तुम्हाला कुणी सांगणार नाही.

आणखी एक, कारण यात फार गल्लत होते. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर सांगतो. डिपस्टिकवर ऑइल पुरेपूर असूनही पंप किंवा गाळणी गेली तर दिवा लागतो. चालत्या इंजिनावर लागला तर धुऱ्यापर्यंतही न्यायची नाही, जिथं आहे तिथं बंद. दिवसभर काम करून गरम झालेली गाडी स्लोवर ठेवल्यावर दिवा नुसता लुकलुकत असेल, तर ऑइल पातळ झालंय, चुकीच्या ग्रेडचं पडलंय किंवा बेअरिंग झिजलेत. त्याकडं ‘रेस दिली की जातो’ म्हणून कानाडोळा करतात. करू नका.

आता तक्रार. माझ्या ट्रॅक्टरवर हँडब्रेक लागलेला राहिला, डिझेल रिझर्व्हला आलं, बॅटरी चार्ज होत नाही, पाणी तापलं, ऑइलचं प्रेशर गेलं, या सगळ्यांना बझर एकच. तोच टीं-टीं, तेवढ्याच अंतरानं. नांगर, रोटाव्हेटर चालवणारा माणूस मीटरकडं बघत नसतो, त्याची मान मागं वळलेली असते. त्याला जे कळायचं ते कानानंच. मग त्या कानाला मोठं काय आणि किरकोळ काय हे वेगळं ऐकू यायला नको का?

उन्हाळ्यात पऱ्हाट्यांच्या रानात रोटाव्हेटर चालू होता, मी धुऱ्यावर उभा. गाडी जवळून गेली आणि आवाज मोकळा वाटला. पंख्याची जी एक घोंघों असते ती नव्हतीच. हात करून थांबवली, आधी इंजिन बंद करायला लावलं. मीटरवर बॅटरीचा लाल दिवा, बझर वाजत होता, आणि तापमानाचा काटा नुकता हिरवा पट्टा सोडत होता. बॉनेट उघडलं तर फॅन बेल्टचे तुकडे खाली जाळीत अडकलेले. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, ‘काका, वाजत होतं, पण सकाळपासून डिझेल कमी होतं ना, मला वाटलं त्याचंच वाजतंय.’ त्याला मी काहीच बोललो नाही, त्याचं बरोबरच होतं. एका बेल्टवर डायनामो, पंखा आणि पाण्याचा पंप तिन्ही आहेत. बेल्ट तुटला की आधी बॅटरीचा दिवा लागतो, गरमी मागून येते. बॅटरीचा दिवा म्हणजे नुसती बॅटरीची भानगड नाही, पहिली नजर बेल्टकडं. तेवढ्यात सापडलं म्हणून नवीन बेल्टवर भागलं, हेड वाचलं.

बझरचा आवाज बदलून मिळतो का, हे मी शोरूममध्ये विचारलं. नाही म्हणाले. वॉरंटी आहे तोवर वायरिंग कापून दुसरा भोंगा लावण्यात अर्थ नाही, म्हणून ड्रायव्हरला नियम घालून दिला: बझर वाजला की क्लच दाबायचा आणि मीटर बघायचं, मग ते डिझेलचं का असेना. आणि रोटाव्हेटरवर असताना स्पीकर बंद. मडगार्डवर मोठमोठे डबे लावून गाणी लावायची आमच्याकडं हौस आहे. त्या आवाजात हा बझर ऐकूच येत नाही.

तापमानाचा काटा मात्र उत्तम आहे, हलका हलका चढतो, वेळ देतो. काड्या-धूळ बसून रेडिएटरची जाळी बंद झाल्यामुळं चढला असेल तर पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा) काढा, गाडी स्लोवर थोडी चालू द्या, मग बंद करा आणि जाळीला हवा आतून बाहेर मारा. पण बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडलं असेल तर लगेच बंद. पाणी पार उतरलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली दाखवू शकतो, म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण दरवर्षी कुणीतरी भाजतं.

डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा जुन्या गाडीला नव्हता. नवीनला आहे आणि मला तो ऑइलच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. कॉमन रेलचे इंजेक्टर पाणी सोसत नाहीत आणि त्यांची किंमत विचारली तर छाती दडपते. दिवा लागला की फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून पाणी निघेपर्यंत सोडायचं, पाच मिनिटांचं काम. गंजलेल्या ड्रममधलं डिझेल वापरणं मी त्या दिव्यामुळंच बंद केलं.

उन्हात मीटर वाचता येत नाही. एप्रिलच्या दुपारी डिजिटल पट्टी कोरी दिसते, हातानं सावली धरावी लागते. धुताना प्रेशरचं पाणी मीटरवर मारू नका, आत वाफ धरते. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आली. दिव्यांचं एक पान तरी मराठीत हवं होतं. मी वहीच्या कागदावर लिहून मडगार्डच्या आतून चिकटवलंय.

घ्यावा का? घ्यावा, इंजिन चांगलं आहे आणि दिवे खरं बोलतात. पण डिलिव्हरीच्या दिवशी पूजा उरकली की चावी टाकून एकेक दिवा मोजून घ्या, हँडब्रेक न सोडता गाडी जराशी पुढं घेऊन बझर ऐका आणि विचारा, ऑइल गेलं तर आवाज हाच येणार का? सेल्समनला सांगता आलं नाही तर वर्कशॉपातल्या मेकॅनिकला बाहेर बोलवा, आणि ड्रायव्हरला शेजारी उभं करूनच सगळं ऐका.