शांती अवेदना सदन, बांद्रा: आत्याचे शेवटचे सतरा दिवस
माउंट मेरीच्या चढावर आहे, 1986 पासून चालू, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटची काळजी घेणारी जागा, म्हणतात ते हेच. कॅन्सर पार पुढे गेलेले पेशंट घेतात, धर्म बघत नाहीत आणि पैसेही घेत नाहीत, मी बिलाचा काउंटर शोधत होतो तर सिस्टर हसायलाच लागली. आधीच्या मोठ्या हॉस्पिटलात, नाव जाऊ दे, आत्याला व्हेंटिलेटरवर टाकायची नुसती घाई, नको म्हटलं तर जणू आम्हीच जीव घेतोय. इथल्या सिस्टर कॅथलिक नन, मला वाटलेलं कॅथलिक लोक इच्छामरणाच्या एवढे विरोधात, मग इथे तर नळ्याच नळ्या असणार! उलटंच निघालं. जीव घ्यायचा नाही पण मरण ओढूनताणून लांबवायचंही नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि दुखणं थांबवायला मॉर्फिन चालतं हे पोप पायस बारावे 1957 लाच सांगून गेलेत. आपल्या सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी नळ्या-व्हेंटिलेटर नको असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं 2018 ला, बोला आता. आत्या पक्की माळकरी, तुळशीची माळ शेवटपर्यंत गळ्यात होती, स्पंजिंग करताना सिस्टर ती हळूच बाजूला सरकवायची. फक्त माउंट मेरीच्या सप्टेंबरच्या जत्रेत जाणार असाल तर रिक्षाचं विसरा, चढ चालतच चढावा लागतो.