स्टारड्यू व्हॅली: पेटीत माल टाका, पैसे सकाळी

आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी 'समजा'चा खेळ चालतो. समजा, उद्यापासून फोन बंद. समजा, दहा एकर रान आयतं मिळालं. या दुसऱ्या प्रश्नावर आयटीतला जो तो 'राजीनामा टाकून शेती करणार' म्हणतो. मी निफाडकडचा, कांद्या-द्राक्षातला, त्यामुळे गप्प चहा पितो. मग हळूच सांगतो, आधी स्टारड्यू व्हॅली घे. राजीनाम्यापेक्षा स्वस्त पडतं.

एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं स्वतः करून हा गेम बनवला आणि २०१६च्या फेब्रुवारीत बाजारात आणला. नोकरीला विटलेल्या नायकाला आजोबांचं पडीक रान मिळतं. हातात ५०० नाणी आणि पार्सनिप या गाजरासारख्या भाजीचं चिमूटभर बी. दगड फोडा, झाडं तोडा, पाणी घाला. अंगातला दम संपत आला की झोपा. रात्री दोनपर्यंत अंथरुणात नसलात तर असाल तिथे आडवे!

एकेक ऋतू २८ दिवसांचा, आणि तो पालटला की बहुतेक उभं पीक वाळून जातं. फ्लॉवरला १२ दिवस लागतात. म्हणजे वसंतात १६ तारखेला लावला तर शेवटच्या दिवशी हाती येतो. १७ला लावला, लवकर वाढवणारं खत घातलं नाही, तर बियाण्याचे ८० बुडालेच. हा हिशेब मला भलता आवडतो. कागद-पेन घेऊन बसतो मी.

पण खरी चैन म्हणजे घराजवळची लाकडी पेटी. संध्याकाळी माल टाकायचा, सकाळी पैसे जमा. साधा फ्लॉवर १७५, आजही आणि उद्याही. एक टाका नाहीतर पाचशे टाका. हमाली नाही, तोलाई नाही, लिलाव नाही. टीव्हीवाला उद्या पाऊस म्हणाला की उद्या पाऊस पडतोच, झारी खाली ठेवायची.

दिवाळीत आण्णांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पेटीकडे बराच वेळ पाहिलं.

"याला आडत्या कोण?"

"कोणीच नाही, आण्णा. भाव ठरलेला."

"अन् शेजारची शेतं कुठंयत?"

नाहीतच. गेममधल्या गावात मार्नी नावाच्या बाईकडे गुरं-कोंबड्या आहेत, पण भाजीपाला पिकवून विकणारे आपण एकटेच.

"मग बरोबर," आण्णा म्हणाले. "आपल्याकडं असा भाव बांधून दिला तर समदं गाव फ्लॉवरच लावील. खाणार कोण?"

इतकी वर्षं खेळतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांनी कांदा कुठंय विचारलं. कांद्याचं पीक या गेममध्ये नाही! वसंतात रानात पात उगवते, ती ८ नाण्यांना जाते. लासलगावचे लिलाव आणि २०२३च्या डिसेंबरातली निर्यातबंदी पाहिलेल्या माणसाला हा भाव ऐकून हसू आलं. भात मात्र त्यांना पटला, कारण पाण्याच्या काठाला लावला की त्याला वेगळं पाणी घालावं लागत नाही.

आता कटकट. मासेमारी सुरुवातीला जाम छळते. पडद्यावरची पट्टी वर-खाली करत माशाला तिच्यात धरून ठेवायचं, आणि मासा काही थांबत नाही. मासेवाल्या विलीकडे २५ नाण्यांना शिकाऊ गळ मिळतो, तो आधी घ्या. पिअरचं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद, त्यामुळे मंगळवारीच भरून ठेवा. गावकऱ्यांशी दोस्ती, लग्न वगैरे प्रकरण मला सपक वाटलं, पण माझी बायको त्याच्यासाठीच खेळते.

फोनवरही मिळतो, मला कीबोर्ड-माउसच बरा. एवढंच की कॉम्प्युटरवर गेममधला दिवस झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, आणि तो साधारण १४ मिनिटांचा असतो. कुकर लावून बसू नका.