बत्तीस बोअर: ड्युटीला रिव्हॉल्वर घ्यावं का पिस्टल?

भाच्याचं लायसन्स आलं आणि त्या दिवसापासनं रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "मामा, रिव्हॉल्वर घेऊ का पिस्टल?" त्याचं काम म्हणजे सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्याबरोबर राहायचं, कांद्याच्या सीझनला कॅश गाडीत असते, तेव्हा सोबत जायचं. मी स्वतः फौजेतनं आल्यावर १४ वर्षं कमरेला .३२ रिव्हॉल्वर बाळगलंय, साडूकडं अशनी पिस्टल आहे, आणि ओळखीतले पाच-सहा लायसन्सवाले आहेत ते आपापलं सांगत असतात. ते सगळं एकदा लिहूनच काढतो, भाच्यासारखे अजून बरेच जण असतील.

रिव्हॉल्वर म्हणजे गोळ्या फिरत्या सिलिंडरमधे, पिस्टल म्हणजे गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमधे, आणि बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. आधी एक गोष्ट क्लिअर करा. पोलिसांच्या कमरेला जे दिसतं ते ९ एमएम. ईशापूरच्या फॅक्टरीचं ते पिस्टल, मॅगझिनमधे १३ गोळ्या, हत्यार दणकट आहे, पण ९ एमएम हे प्रोहिबिटेड बोअर, आपल्या साध्या लायसन्सवर ते येतच नाही. त्यामुळे दुकानदारानं कितीही गप्पा मारल्या तरी आपला विषय .३२ पाशी येऊन थांबतो. बँकेच्या गेटवर उभं राहायचं असेल तर १२ बोअर डबल बॅरल घ्या, लांबून दिसते, तिच्या दिसण्यातच अर्धं काम होतं, पण गाडीत बसून कॅशबरोबर जायला ती अवघड, दार उघडून उतरेपर्यंत नळीच आडवी येते.

आता .३२ मधे काय काय आहे. कानपूरच्या फॅक्टरीचं, वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या जुन्या धाटणीचं रिव्हॉल्वर, मधनं मोडून उघडायचं, ६ गोळ्या, उघडलं की सहाच्या सहा केसेस (गोळीची पितळी नळकांडी) एकदम वर येतात. कानपूरचंच निर्भीक, जानेवारी २०१४ मधे आलं, टायटॅनियम अलॉयचं, वजन साधारण ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती. मग ऑगस्ट २०२३ मधे प्रबल आलं, ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटरची नळी, आणि यात सिलिंडर बाजूला उघडतं, मोडायची भानगड नाही. वेब्लीचं रिव्हॉल्वर २०२० पासनं उत्तर प्रदेशात हरदोईला बनायला लागलं, ते महाग पडतं. आणि पिस्टलमधे अशनी, ८ गोळ्यांचं मॅगझिन.

भाच्याचा हट्ट अशनीचा होता. चपटं आहे, शर्टाखाली दिसत नाही, दोन गोळ्या जास्त, दुसरं मॅगझिन खिशात ठेवलं की झालं. सगळं खरं आहे. साडूसुद्धा हेच सांगतो, आणि त्याचं पिस्टल खरंच चांगलं चालतं. पण साडू दर रविवारी वर्तमानपत्र अंथरून ते खोलतो, पुसतो, तेल देतो, आणि नेमबाजीच्या रेंजवर जायचं एकही निमित्त सोडत नाही. मी पण गेलतो एकदा त्याच्याबरोबर. माझ्या हातात दिलं, तिसऱ्या गोळीला रिकामं केस स्लाइडमधे (वरच्या मागं-पुढं सरकणाऱ्या भागात) उभं अडकून बसलं. मला वाटलं पिस्टलच खराब, साडू म्हणला हात ढिला धरलाय तुम्ही, मनगट कडक ठेवा. ठेवलं, त्यानंतर पूर्ण मॅगझिन दोनदा विनातक्रार गेलं. म्हणजे दोष हत्याराचा नव्हता, माझ्या हाताचा होता, पण मला सांगा, गाडीसमोर मोटरसायकल आडवी घालून दोघं उतरलेत, एका हातात बॅग, घाम फुटलाय, तेव्हा मनगट कडक राहील याची गॅरंटी कोण देणार?

रिव्हॉल्वरला हे काही लागत नाही. गोळी मिसफायर झाली, म्हणजे उडालीच नाही, तरी परत ट्रिगर ओढा, पुढची गोळी समोर येते. पिस्टलमधे मिसफायर झालं की दुसऱ्या हातानं स्लाइड ओढून ती गोळी बाहेर काढावी लागते तेव्हा पुढची आत जाते, आणि चेंबर (नळीच्या मागचं गोळीचं घर) रिकामं ठेवून फिरायची सवय असेल (बरेच जण भीतीनं तसंच फिरतात, चूकही नाही त्यात) तर पहिल्याच गोळीला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. शिवाय .३२ पिस्टलच्या गोळीची मागची कड जराशी बाहेर असते, मॅगझिन घाईत भरलं आणि वरच्या गोळीची कड खालच्याच्या मागं गेली की दोघी एकमेकीत अडकतात, मग स्लाइड ओढा नायतर काय बी करा. भरताना प्रत्येक गोळीची कड खालचीच्या पुढं बसली का बघायचं, एवढं साधं आहे, पण ते कुणी शिकवत नाही.

सोलापुरात अजून एक गोष्ट बघावी लागते. ओळखीचा एक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात गनमन होता, पिस्टल बाळगायचा. दिवसभर लूम चालू, हवेत कापसाची बारीक तूस, आणि याचं हत्यार तेलानं निथळणारं. एकदा माझ्यासमोर खोललं तर स्लाइडच्या खाचेत तेल आणि तूस मिळून काळपट लगदा झालेला, काडीनं काढावा लागला. तेल जास्त म्हणजे काळजी जास्त असं नसतंय, धुळीच्या ठिकाणी तेल कमीच पाहिजे, फडक्यानं पुसून राहील तेवढंच. रिव्हॉल्वरमधे पण घाण जाते, पण त्याचं सिलिंडर आपल्या बोटाच्या जोरानं फिरतं, थोडीफार घाण चालून जाते.

रिव्हॉल्वर म्हणजे डोळे झाकून घ्या असं पण नाही. मधनं मोडणारं जुनं, सेकंडहँड घेणार असाल तर बिजागरी नीट बघा. बंद करून नळी आणि मूठ धरून हलवा, जागेवर खडखड वाजलं तर सोडून द्या. घोडा हळूहळू चढवा, सिलिंडर प्रत्येक घराला टक्क करून लॉक झालं पाहिजे, सहाच्या सहा घरं तपासा, मोकळं, गोळ्या काढून. आणि ट्रिगर जड असतो, भाच्याला पहिल्यांदा ओढता येईना नीट, पण माझ्या मते ड्युटीच्या हत्याराला तो जडपणा चांगलाच, चुकून दाबलं जात नाही.

माझ्याकडनं झालेली चूक सांगतो. मी गोळ्या चामड्याच्या पट्ट्याच्या कप्प्यांत ठेवायचो, वर्षानुवर्षं त्याच. मे महिन्यात, ४३ डिग्रीत, यार्डाच्या ऑफिसात एकदा सहज काढून बघितल्या तर पितळेवर हिरवा, मेणासारखा थर. एक गोळी सिलिंडरमधे अर्धी गेली आणि अडकली, अंगठ्यानं दाबून पण आत जाईना. म्हणजे एवढं खात्रीचं हत्यार आणि दुसऱ्यांदा भरायची वेळ आली असती तर मी रिकामाच. चामड्यातली रसायनं आणि घाम, दोन्ही पितळ खातात. तेव्हापासनं गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत, आणि वर्ष झालं की जुन्या गोळ्या रेंजवर संपवून नव्या घ्यायच्या. आपल्याकडं बहुतेक खडकीच्या फॅक्टरीच्या, 'केएफ' शिक्का मारलेल्याच मिळतात. आणि हो, रिव्हॉल्वरची .३२ आणि पिस्टलची .३२ वेगळी, लांबीच वेगळी आहे, दुकानात घेताना डबी वाचून घ्या.

पैशाचं बघायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासनं रिव्हॉल्वर-पिस्टलवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय, त्यामुळं जुन्या किमती डोक्यातनं काढा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, आधी तीन होती, म्हणून चुकीचं घेतलं तर एक जागा फुकट अडकते. लायसन्सची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली. माझं रिव्हॉल्वर १४ वर्षांत एकदा स्प्रिंग बदलण्याशिवाय काही मागितलं नाही, त्या हिशोबानं ते स्वस्तच पडलं. पिस्टल घेणाऱ्यानं किमतीत प्रॅक्टिसच्या गोळ्यांचा खर्च पहिल्या दिवसापासनं धरावा, नायतर कपाटातली वस्तू होते ती.

लायसन्सवर हद्द काय लिहिलीय ते बघा, हे आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं आहे. फक्त महाराष्ट्र असेल तर विजयपूर नायतर कलबुर्गीच्या पार्टीकडं कॅश घेऊन जाताना बॉर्डर ओलांडली की तुमचं हत्यार बेकायदेशीर झालं, गाडीला दीड-दोन तासांचा रस्ता आहे, ध्यानातच येत नाही. आणि निवडणुकीला जमा करायला सांगितलं तर देताना कोरडं करून, पातळ तेलाचा हात फिरवून द्या. २०२४ ला १६ मार्चला आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत, एकाचं हत्यार घामानं ओलं तसंच ठाण्यात गेलं, परत आलं तेव्हा मुठीच्या खाली गंजाचे ठिपके.

तर भाच्याला मी रिव्हॉल्वरच सांगितलं. निर्भीक का प्रबल एवढाच प्रश्न उरला. निर्भीक हलकं, १२ तास कमरेला जाणवत नाही, पण हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त लागतो. प्रबलच्या ५० मीटर पल्ल्याचं कौतुक झालं, आपल्याला गाडीच्या दारापासनं पाच-सात मीटरच्या पुढं काही बघायचं नसतं, मला त्याचं बाजूला उघडणारं सिलिंडर आवडलं, फ्रेम अखंड राहते, वर्षानुवर्षं उघडझाप करून बिजागरी ढिली व्हायचं कारण नाही. २०० ग्रॅम जास्तीचं ओझं रुंद पट्टा घेतला की जाणवत नाही. भाच्याचा कल निर्भीककडंच आहे अजून, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघं दुकानात जाणार आहोत, दोन्ही हातात धरून, रिकाम्यानं ट्रिगर ओढून बघायला. त्याला म्हणलंय, रोज ड्युटीला घालतोस तोच पट्टा लावून ये.