हिस्टोपॅथॉलॉजीत बारकोड लेबलं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेला टिश्यू तपासतात त्या लॅबमध्ये, टेक्निशियन आहे. गेल्या जूनपासून आमच्याकडे बारकोड आले: एक प्रिंटर लॅबमध्ये, एक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), चार स्कॅनर आणि सॉफ्टवेअर. त्याआधी टिश्यूच्या बरणीवर मार्करनं नाव आणि जाड रजिस्टर. आता मार्च संपत आलाय. कोणी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला दीड महिना लेबलांतच गेला. विक्रेत्यानं साध्या थर्मल कागदाचे रोल दिले होते. दुकानाच्या पावतीवर सॅनिटायझर सांडला की ती काळी पडते, तसंच झालं. ग्रॉसिंगच्या, म्हणजे टिश्यू बघून त्याचे तुकडे कापायच्या, टेबलावर स्पिरिटचा हात लागला की बारकोड गेला. शेवटी रिबननं छापणं सुरू केलं, पॉलिस्टरची लेबलं आणि रेझिन रिबन. खर्च वाढतो, पण इथे काटकसर करू नका. शिवाय बरणी बाहेरून ओली असेल तर गोंद धरतच नाही. आधी कोरडी पुसायची, मग लेबल. आणि लेबल बरणीच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. ग्रॉसिंगला तीन बरण्या उघड्या असल्या की झाकणांची अदलाबदल व्हायला क्षणही पुरतो.

कॅसेटवर, म्हणजे कापलेले तुकडे ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीवर, मात्र आम्ही अजून पेन्सिलनंच नंबर घालतो. पुढच्या प्रक्रियेतल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेनची शाई धुऊन जाते, शिसपेन्सिल टिकते. कॅसेटवर छापणारं मशीन वेगळं मिळतं, ते आमच्या बजेटात बसलं नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे वेळेची नोंद. टिश्यू शरीरातून काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू टिकवणाऱ्या द्रावणात) टाकल्याची वेळ, असे दोन रकाने आहेत. सुरुवातीला ते रिकामेच यायचे. आम्ही मागे लागून ते सक्तीचे करून घेतले. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इआर, पीआर, हर-टू या टिश्यूवर करायच्या तपासण्यांवर पुढचे उपचार ठरतात, आणि त्यासाठी टिश्यू तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. शनिवारी दुपारी दोनला आलेलं सँपल, सोमवारी सुट्टी आली, तर मंगळवारी सकाळी नऊला ६७ तासांवर गेलेलं असतं. पूर्वी हे कोणाच्या तरी लक्षात राहिलं तर राहायचं. आता स्क्रीनवर तास दिसतात आणि रविवारच्या ड्यूटीवाल्याला आधीच सांगता येतं. अर्थात वेळ दिसली म्हणजे टिश्यू फिक्स झाला, म्हणजे फॉर्मॅलिन आतपर्यंत मुरलं, असं नाही. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. मोठं सँपल उघडून काप दिले नाहीत आणि टिश्यूच्या दहापट फॉर्मॅलिन नसेल, तर मधला भाग कच्चाच राहतो.

आता ऑगस्टमधली गोष्ट. मी ग्रॉसिंगला आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या हाताखाली होते. बरणी स्कॅन केली, बीप वाजला, स्क्रीनवर नाव, वय, नंबर, खाली 'गॉल ब्लॅडर'. फॉर्मही जुळत होता. मॅडमनी चिमट्यानं टिश्यू बाहेर काढला आणि बोर्डावर ठेवला. करंगळीएवढी, टोकाला सुजलेली नळी. अपेंडिक्स. आमचे दोघींचे हात तिथेच थांबले. ओटीला फोन केला तेव्हा कळलं, सिस्टरनी घाई होऊ नये म्हणून सकाळीच पूर्ण लिस्टची लेबलं छापून रिकाम्या बरण्यांना लावून ठेवली होती. मग केसेसचा क्रम बदलला. दुसरी बरणी अजून ओटीतच होती, दोन्ही केसेस मॅडमनी सर्जनशी बोलून जुळवल्या, पेशंटला काही झालं नाही. पण दोन्ही बरण्यांत पोटाच्या बायोप्सीचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे असते तर? ते डोळ्यांनी ओळखता आले नसते. स्कॅनर लेबल वाचतो, बरणीत काय आहे ते त्याला दिसत नाही.

त्या दिवसापासून नियम असा: टिश्यू हातात आला की मनगटावरचा पट्टा स्कॅन करून एकच लेबल छापायचं, तिथेच लावायचं. सिस्टरना सुरुवातीला हे जाचक वाटलं. त्यांच्यावरचा भार मला माहीत आहे, म्हणून मी स्वतः आठवडाभर ओटीत उभी राहिले. आता त्याच नव्या मुलींना शिकवतात.

बाकी थोडक्यात. गुरुवारी लाईट गेली की प्रिंटर बंद. त्याला वेगळा यूपीएस घ्या. 'रिपोर्ट कुठपर्यंत आला' असे वॉर्डचे फोन खूप कमी झाले, कारण ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) कुठे आहे ते त्यांनाही दिसतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद होते, तेव्हा बाहेरच्या दवाखान्यांची सँपल संध्याकाळी एकदमच आली. रजिस्टर असतं तर रात्र गेली असती, दीड तासात सगळी आत घेतली. विक्रेत्याची सर्व्हिस मात्र कमी पडते. ओटीतला प्रिंटर एकदा चार दिवस बंद होता. करारात बदली प्रिंटरची अट आधीच लिहून घ्या.

एंडोस्कोपीत प्रिंटर अजून मिळालेला नाही, मागणी दिली आहे. तिथल्या बरण्या वॉर्डबॉय मामा हातानं लिहिलेल्या नावानिशी घेऊन येतात. त्या मी फॉर्मशेजारी ठेवून नाव, नंबर आणि तुकडा कुठून घेतला ते मोठ्यानं वाचते, आणि समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच लेबल छापते.