दोन इंची कॅमलॉक : धातू पास, गास्केट नापास

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. एका शेडमध्ये थिनर बनतं, दुसऱ्यात मशिनरी धुण्याची लिक्विडं. म्हणजे एकीकडे टोल्युइन आणि अॅसिटोन, दुसरीकडे कॉस्टिक लाय. टँकर आणि ड्रम रिकामे करायला पूर्वी होज पाइपला फ्लँज होते. चार बोल्ट, दोन पाने, आणि नेमक्या वेळी एक नट गायब. पावसाळ्याआधी ते काढून २ इंची कॅमलॉक लावले, म्हणजे दोन लिव्हरने झटकन जोडायचे-सोडायचे कपलिंग. त्याबद्दल हे लिहितेय, कारण घेण्याआधी मला मराठीत काही वाचायला मिळालं नाही.

आधी कपलिंगबद्दल. एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे घेतले, म्हणजे कास्टिंगचा ग्रेड सीएफ८एम. लिव्हर दोन्ही बाजूंनी सारखे बसतात, अॅडॉप्टर, म्हणजे समोरचा आत जाणारा भाग, आत ढकलून दोन्ही लिव्हर एकदम खाली ओढले की काम झालं. पाना लागत नाही, हातमोजे घालूनही जमतं. माल हातात आल्यावर आमच्या फिटरने चुंबक लावला, तो किंचित ओढला गेला आणि लगेच ‘बेन, डुप्लिकेट आहे’ सुरू झालं. तसं नसतं. ओतीव ३१६ मध्ये थोडं फेराइट, म्हणजे स्टीलचा चुंबकाला ओढला जाणारा प्रकार, असतंच, त्यामुळे चुंबक जरासा चिकटतो. आणि ३०४ की ३१६ हे तर चुंबकाने कळतच नाही. त्यासाठी मोली टेस्टचा थेंब टाकून बघायचा, मोली म्हणजे ३१६ मधलं मॉलिब्डेनम. आमचा माल त्यात खरा निघाला, म्हणून धातूला पैकीच्या पैकी.

आता दुकान. नाव लिहीत नाही. माणूस बोलायला गोड, माल वेळेवर पोहोचवतो, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच : ‘बेन, बधुं एकज छे’, म्हणजे ताई, सगळं एकच आहे. कॉस्टिकच्या लाइनला त्याने अॅल्युमिनियमचे सुचवले, स्वस्त पडतात म्हणून. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं, आणि खाताना हायड्रोजन सोडतं! शेजारच्या शेडमध्ये टोल्युइन असताना हे ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. कॉस्टिकला शेवटी पॉलिप्रॉपिलीनचे लावले. ते टोल्युइनला मात्र चालणार नाहीत. सॉल्व्हंट वाहताना स्थिर वीज साठते, तिथे धातूचं कपलिंग, तार असलेला होज आणि अर्थिंग हवंच.

खरी बोंब गास्केटची, म्हणजे गळती थांबवणाऱ्या आतल्या रबरी कड्याची. सगळ्या कपलिंगमध्ये काळं नायट्राइल रबर घालून आलं. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, तरीही. टोल्युइनमध्ये नायट्राइल फुगतं, मग अॅडॉप्टर आत जाईना आणि मुलं लिव्हरला पाइप अडकवून जोर लावतात. अशाने पिन वाकते. व्हायटॉन हे दुसरं रबर मागवलं तर ते टोल्युइनला उत्तम, पण अॅसिटोनमध्ये तेच फुगतं. तिथे ईपीडीएम हे तिसरं रबर लागतं, आणि ईपीडीएम टोल्युइनला नको. कॉस्टिकलाही ईपीडीएमच. टेफ्लॉनचं आवरण असलेलं गास्केट तिन्हीकडे चालतं, फक्त ते कडक असतं, लिव्हर दाबायला ताकद लागते. नायट्राइल, व्हायटॉन, ईपीडीएम, तिन्ही बहुधा काळीच येतात. व्हायटॉन तेवढं हातात जड लागतं. आम्ही प्रत्येक होजवर रंगाचा पट्टा मारला आणि गास्केट वेगवेगळ्या डब्यांत ठेवली. दुकानाने ती बदलून दिली, हेही सांगायला हवं, पण कुरकुर करत.

आटे बघून घ्या. २ इंचात बीएसपीला (ब्रिटिश पद्धत) इंचाला ११ आटे, एनपीटीला (अमेरिकन पद्धत) साडेअकरा. एकात दुसरं बसवलं तर दोन-तीन फेरे गोड जातात, मग अडकतं, आणि वर टेफ्लॉन टेप गुंडाळून लोक समाधान मानतात.

एका गोष्टीवर मात्र त्या दुकानदाराशी माझं वाजलं. मिक्सिंग वेसलवर हवेचा दाब देऊन माल बाहेर काढतो, त्या झाकणावरच्या नोझललाही हेच लावा म्हणाला. २ इंचाला २५० पीएसआय रेटिंग असतं हे खरं, ४ इंचाला ते १०० वर येतं, पण हे आकडे गार द्रवासाठी आहेत. वाफ आणि दाबाची हवा यांसाठी कॅमलॉक नाहीच. चौरस सेंटिमीटरला नुसत्या ३ किलो दाबाला २ इंची तोंडावर साठ किलोच्या वर जोर येतो. लिव्हर उचलला की सगळं एका झटक्यात सुटतं, मधली पायरी नाही. द्रव असेल तर अंगावर सांडेल, हवा असेल तर होज चाबकासारखा फिरेल. वेसलवर आम्ही टीसी (ट्राय-क्लॅम्प) क्लॅम्प ठेवले, म्हणजे दोन पाइपांच्या कडा विंगनटने आवळून धरणारं कडं. विंगनट सैल करताना गास्केटमधून आधी फुसफुस ऐकू येते, तेवढ्यात हात थांबतो. तरी नियम तोच : व्हेंट उघडा, गेज शून्यावर येऊ द्या, मगच क्लॅम्पला हात. टीसीची एक गंमत म्हणजे १ आणि दीड इंचाच्या फेरूलची (पाइपच्या टोकाच्या कडेची) बाहेरची कड सारखीच, ५०.५ मिलिमीटर, त्यामुळे क्लॅम्प एकच चालतो. गास्केट मात्र वेगळं.

घेणार असाल तर लिव्हरला लॉकिंग पिन असलेलेच मागा, ट्रक हलला की साधे लिव्हर उघडू शकतात. डस्ट कॅप आणि प्लग साखळीसकट घ्या. साखळी नसलेली आमच्याकडे आता एकही शिल्लक नाही. आणि दुकानात दुपारी जाऊ नका, एक ते चार शटर खाली असतं.